आधी पारा बघा, मग जेट बदला

आरएक्स १०० या टू-स्ट्रोक गाडीचा पिस्टन पकडला की बिल कुठे जाऊन थांबेल, ते मेकॅनिकलाही आधी सांगता येत नाही. सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन आणि रिंगा बसवायच्या म्हणजे मजुरीसकट पाच ते आठ हजार. कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगही गेलं असेल, तर पंधरा हजारांच्या पुढे. मुळाशी अनेकदा कार्ब्युरेटरमधला शे-दोनशे रुपयांचा मेन जेट असतो. मिक्स्चर लीन झालं (पेट्रोल कमी, हवा जास्त), इंजिन तापलं आणि मागचं चाक लॉक झालं तेव्हाच चालवणाऱ्याला ते कळलं.

तरीही आपल्याकडे रेसची गाडी बांधताना खर्च उलट्या क्रमाने होतो: आधी एक्झॉस्ट, मग कार्ब्युरेटर, मग पोर्टिंग. मोजायचं काही घ्यायचं म्हटलं की पैसे संपलेले असतात. (इथल्या सगळ्या किमती अंदाजाच्या आहेत, गावागणिक आणि दुकानागणिक फरक पडेल.)

एअर-कूल्ड टू-स्ट्रोकसाठी सुरुवात सिलिंडर हेडचं तापमान मोजण्यापासून करा. स्पार्क प्लगखालच्या वॉशरच्या जागी बसणारी कडी आणि तिला जोडलेली थर्मोकपलची तार, एवढाच हा सेन्सर. चारशे ते नऊशे रुपयांत मिळतो. हँडलवर लावायचा तयार मीटर दीड ते चार हजारांत. सोल्डरिंग येत असेल तर मॅक्स ६६७५ चिपचं छोटं मॉड्यूल दोन-तीनशे रुपयांत येतं, पण आकडा दाखवायला त्याला मायक्रोकंट्रोलर आणि डिस्प्ले जोडावा लागतो. कडी घेताना प्लगचा आटा विचारा. आरएक्सला १४ मिलीमीटरची लागते, पण बऱ्याच नव्या गाड्यांना १२ किंवा १० मिलीमीटरची.

इथे मी स्वतः फसलेलो आहे. तार आखूड पडली म्हणून घरातली साधी तांब्याची वायर जोडून ती लांबवली. मीटर व्यवस्थित आकडे दाखवत होता, फक्त खोटे. के-टाइप थर्मोकपलला के-टाइपचीच तार लावावी लागते. तांब्याचा जोड इंजिनाजवळ तापून साठ अंशांवर गेला आणि मीटर पस्तीस अंशांवर असला, की वाचन थेट पंचवीस अंशांनी कमी येतं. म्हणजे धोका असताना गाडी बिनधास्त दिसते. लांब तारेचा सेन्सर शंभर-दोनशे रुपये जास्त देऊन घ्या. आकडे नाचत असतील तर रेझिस्टरवाली प्लग कॅप लावा; स्पार्कचा त्रास बहुधा थांबतो.

‘किती अंशांपर्यंत चालेल?’ हा प्रश्न सगळे विचारतात. दोन गाड्यांचे आकडे एकमेकांशी जुळवू नका. तुमची गाडी ठीक पळते त्या दिवशीचा आकडा वहीत लिहा आणि पुढे त्याच्याशीच तुलना करा. नेहमी १९० वर थांबणारी गाडी त्याच सरळ रस्त्यावर २१५ दाखवू लागली, तर थ्रॉटल सोडा.

ती का तापते, याला सध्या दोन कारणं आहेत. पहिलं पंपावरचं. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते; पंपावर आता मिळणाऱ्या ई२० ला, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, सुमारे १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला जवळपास नऊ टक्के जास्त इंधन हवं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर काही प्रमाणात सावरून घेतो, कार्ब्युरेटर नाही. पाच वर्षांपूर्वी बसवलेलं जेटिंग आज लीन आहे, असंच धरून चला. नुसतं ऑक्टेन वाढवून लीन गाडी रिच होत नाही.

दुसरं कारण उंची. पुणे आणि कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहेत. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक जवळजवळ समुद्राच्या पातळीला. तापमान सारखं असेल तर तिथली हवा सहाएक टक्के दाट, म्हणजे इथलं जेटिंग तिथे लीन. दुपारच्या उन्हाने यातला काही फरक भरून निघतो, पण सकाळच्या प्रॅक्टिसमध्ये नाही. तिकडे जाताना दोन-तीन नंबर मोठे अस्सल जेट सोबत ठेवा. स्वस्त नकली जेटवर नंबर बरोबर असतो, भोक मात्र बरोबर असेलच असं नाही.

त्यापुढची पायरी म्हणजे एक्झॉस्टच्या वायूचं तापमान. प्रोब आणि पाइपवर वेल्डिंग धरून दोन ते पाच हजार. हेडचं तापमान चढायला वेळ लागतो. एक्झॉस्टचा आकडा थ्रॉटलबरोबर लगेच हलतो. दोन्ही असतील तर एक खूण ओळखा: हेड तापतंय आणि एक्झॉस्ट थंड होतोय, म्हणजे इंजिन नॉक करतंय. तेव्हा नुसता जेट नव्हे, टायमिंग आणि कॉम्प्रेशन बघा.

वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर आणि कंट्रोलर अठरा-वीस हजारांच्या घरात जातो. टू-स्ट्रोकच्या तेलाने तो लवकर खराब होतो, म्हणून तिथे मी तो सुचवणार नाही. फोर-स्ट्रोकला मात्र पैसे वसूल. मिक्स्चरचं गुणोत्तर न बघता लॅम्डा (प्रत्यक्ष गुणोत्तर भागिले पूर्ण जळायला लागणारं गुणोत्तर) बघा, कारण पेट्रोल बदललं तरी लॅम्डाचा अर्थ बदलत नाही. पूर्ण थ्रॉटलला ०.८७ ते ०.९० हे चांगलं लक्ष्य.

आरसी ३९० सारख्या इंजेक्शनच्या, लिक्विड-कूल्ड गाडीत कूलंटच्या तापमानाचा सेन्सर आधीच असतो. त्याचा रेझिस्टन्स तापल्यावर कमी होतो, आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल किती सोडायचं ते ठरवताना त्याचाही आधार घेतो. याच गोष्टीचा फायदा घेऊन ‘पॉवर चिप’ विकल्या जातात. दीड-दोन हजारांची ती डबी उघडलीत तर आत पाच रुपयांचा रेझिस्टर निघू शकतो. इंजिन किंवा आत येणारी हवा थंड आहे असं भासवून ती पेट्रोल वाढवते. कूलंटच्या सेन्सरला जोडली असेल तर पंखाही उशिरा लागतो. ही वस्तू घेऊ नका.

खरा पिगीबॅक ईसीयू बारा ते पंचवीस हजारांत येतो आणि डायनोवर मॅप करून घेण्याचे आणखी आठ ते पंधरा हजार. नुसत्या दोन-तीन रन काढून ग्राफ बघायचा असेल तर दीड ते तीन हजारांत भागतं. ट्यूनरला आधीच विचारा: मॅपिंग करताना वाइडबँड लावणार का? दोन रनच्या मध्ये इंजिन किती अंशांपर्यंत थंड होऊ देणार? यावर उत्तराऐवजी हसू आलं, तर दुसरीकडे जा. आणि निघताना मॅपची फाइल व ग्राफचा प्रिंट मागून घ्या. पैसे त्याचेच दिलेले असतात.