जुन्या मोटारीतला नवा रेडिओ

माझ्या एका मित्राकडे 1956 सालची मॉरिस मायनर आहे. डॅशबोर्डवरचा व्हॉल्व्हचा रेडिओ केव्हाच मुका झाला होता. त्याला गाणी तर हवी होती, पण मोटारीचे जुने रूप मोडायचे नव्हते. बेत सोपा होता. रेडिओचे तोंड आणि बटणे तशीच ठेवायची, लहानसा अँप्लिफायर सीटखाली दडवायचा, नवा स्पीकर जुन्या जाळीमागे बसवायचा आणि गाणी फोनवरून बिनतारी पाठवायची.

कारागिराने नेहमीच्या सवयीने काळी तार मोटारीच्या अंगाला आणि लाल तार फ्यूजकडून आलेल्या तारेला जोडली. फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. मग त्याने फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार घातली, आणि सीटखालून धूर निघाला. सुदैवाने बॅटरीची तार वेळीच काढली गेली.

चूक कोठे झाली? आजच्या मोटारीत बॅटरीचे ऋण अग्र लोखंडी अंगाला जोडलेले असते. मॉरिस मायनरमध्ये, त्या काळच्या अनेक ब्रिटिश मोटारींप्रमाणे, धन अग्र अंगाला असते. म्हणजे अँप्लिफायरला उलटा दाब मिळाला. अशा उपकरणांत संरक्षणासाठी एक डायोड बहुधा आडवा टाकलेला असतो. एरवी त्यातून प्रवाह जात नाही, पण अग्रे उलटली की तो जवळजवळ शॉर्ट सर्किट करतो व फ्यूज उडवतो. फ्यूज आपले काम चोख करीत होता. त्यालाच गप्प बसवण्यात आले!

उपाय म्हणजे मोटारीचीच अग्रे बदलणे. पण मग बाकीच्या यंत्रांचे काय? दिव्याला प्रवाहाची दिशा कळत नाही. स्टार्टरची मोटर उलटी फिरेल, असे वाटेल. पण तिच्यात कायम चुंबक नसून गुंडाळी असते. गुंडाळीतील आणि आर्मेचरमधील, असे दोन्ही प्रवाह एकदमच उलटतात, म्हणून फिरण्याची दिशा तीच राहते. खेळण्यातल्या मोटरीत मात्र कायम चुंबक असतो. तिचा सेल उलटा घालून फरक पाहा.

खरी गंमत डायनॅमोची. तो स्वतःच्याच विजेतून स्वतःचा विद्युत्-चुंबक पोसतो. मग सुरुवात कशी होते? लोखंडात उरलेल्या किंचित चुंबकत्वामुळे. त्या शेष चुंबकत्वाची दिशाच ठरवते की कोणते अग्र धन होणार. म्हणून बॅटरी उलटी जोडल्यावर, इंजिन सुरू करण्यापूर्वी, डायनॅमोच्या 'एफ' अग्राची तार काढतात आणि बॅटरीच्या अंगाला न जोडलेल्या अग्रापासून आणलेली तार त्या अग्राला दोन-तीनदा क्षणभर टेकवतात. बारीक ठिणगी पडते व लोखंडाचे चुंबकत्व उलटते. हे विसरले तर डायनॅमो उलटी वीज देतो आणि रेग्युलेटरचे कॉन्टॅक्ट जळतात. इग्निशन कॉइलच्या दोन बारीक ताराही अदलाबदल कराव्या लागतात. स्पार्क प्लगचा मधला दांडा अधिक तापलेला असतो. तो ऋण असला की इलेक्ट्रॉन सहज सुटतात आणि ठिणगीला कमी दाब पुरतो. हे काम अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीच करावे.

आता आवाज किती मिळेल? 12 व्होल्टच्या साध्या मांडणीत स्पीकरवरचा दाब शून्याच्या दोन्ही बाजूंस फार तर 6 व्होल्ट जातो. 4 ओहमच्या स्पीकरला शक्ती मिळते 6×6÷(2×4), म्हणजे 4.5 वॅट. 'ब्रिज' मांडणीत स्पीकरची दोन्ही टोके विरुद्ध दिशांनी हलवतात. दाब दुप्पट, शक्ती चौपट, म्हणजे 18 वॅट. प्रत्यक्षात थोडी कमीच. असे दोन स्पीकर पूर्ण जोरात वाजले आणि कार्यक्षमता दोन-तृतीयांश धरली, तर बॅटरीतून 54 वॅट, म्हणजे 4.5 अँपिअर जातील. डायनॅमो जेमतेम 20 अँपिअर देणारा. त्यातच पुढचे दिवे सुमारे 7 घेतात. धावत्या गाडीत हे निभते. सिग्नलला उभे असताना मात्र डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही आणि सगळा भार बॅटरीवर पडतो. म्हणून मित्राला मोठा अँप्लिफायर घेऊ दिला नाही.

शेवटी बॉनेटखाली एक चिठ्ठी चिकटवली: 'ऋण अग्र अंगाला'. पुढचा कारागीर जुनी मॉरिस पाहून धनच समजला तर पंचाईत!