रोहिणीआधी लोडर उतरवा, पण बोल्ट पाहून

उन्हाळाभर शेणखत भरून झाले, तळ्यातला गाळ रानात पडला, बांधबंदिस्तीची माती ओढून झाली. आता २५ मेच्या सुमारास रोहिणी लागेल आणि पाठोपाठ जूनच्या ७-८ तारखेला मृग. ज्यांच्या जुन्या मॅसी १०३५ ट्रॅक्टरला पुढे लोडर आहे, त्यांनी तो रोहिणी लागण्याआधी उतरवून घ्यावा. लोडरचे काही क्विंटल वजन मुख्यतः पुढच्या बारीक चाकांवर येते. काळ्या भारी जमिनीत पहिल्या पावसानंतर वापसा जेमतेम आलेला असतो, त्यात ही चाके रुततात. स्टिअरिंग जड होते, धुऱ्यावर वळायला जागा जास्त लागते आणि पेरणीची ओळ सरळ राहत नाही.

लोडर उतरवणे म्हणजे पिना ठोकून काढायच्या आणि बोल्ट खोलायचे, एवढेच आहे असे पुष्कळांना वाटते. खरे नुकसान मात्र लोडर खाली आल्यावर, उरलेल्या कामात होते. तिथे मी जास्त वेळ घेणार आहे.

आधी जागा. फरशी किंवा धुमसलेली टणक, सपाट जमीन निवडा, आणि तीही शेडखालची, कारण लोडर दिवाळीपर्यंत तिथेच राहणार आहे. बकेट जमिनीला पूर्ण टेकवा, इंजिन बंद करा आणि दोन्ही लिव्हर चार-पाच वेळा पुढे-मागे हलवा. पाइपांत कोंडलेला दाब त्याने उतरतो. बूम उचललेला असताना खाली शिरून पिन काढायची नाही, अगदी एक मिनिटही नाही. बूम उचलणाऱ्या जॅकवर भरवसा ठेवू नका. सील गेले तर बूम सांगून खाली येत नाही. आधाराला लाकडी ओंडके घ्या, विटा घेऊ नका, त्या भाराखाली फुटतात.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. दाबाखालच्या पाइपाला सुईएवढे भोक असले तर त्यातून निघणारे तेल कातडी भेदून आत घुसते. म्हणून गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघा. हाताला असे तेल लागलेच, तर जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि पहिले काही तास फारशी दुखतही नाही. हळद लावून घरी बसू नका. त्याच घटकेला रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना ‘दाबाचे तेल आत गेले आहे’ असे स्पष्ट सांगा. उशीर झाला तर बोट जाते, कधी हातही.

आता पंप. या ट्रॅक्टरच्या लिफ्टचा स्वतःचा पंप मागच्या बिडाच्या घरात तेलात बुडालेला असतो आणि पीटीओच्या शाफ्टवर चालतो. औजार उचलायला तो पुरतो, पण त्याचा प्रवाह थोडा असल्याने त्याच्यावर बकेट फार सावकाश चढते. म्हणून लोडर बसवताना बहुधा रेडिएटरच्या पुढे वेगळा गिअर पंप लावलेला असतो. क्रँकच्या पुलीला कपलिंग जोडून रेडिएटरखालून शाफ्ट पुढे नेतात. इंजिन चालू असेतो हा पंप फिरतच राहतो, लोडर असो वा नसो. लोडर काढून पंप तसाच ठेवणाऱ्यांची चूक इथेच होते. तेलाविना फिरला तर तो काही मिनिटांत आतून घासून निकामी होतो. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या बाहेरच्या तोंडाला डाट ठोकणे. जास्तीचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह पुष्कळदा लिव्हरच्या ब्लॉकमध्ये असतो, आणि तो ब्लॉक तर लोडरबरोबर निघून गेलेला असतो. मग दाबाला वाट उरत नाही. पाइप फुटतो, पंपाचे घर तडकते किंवा शाफ्ट पिळून तुटतो.

तेव्हा लोडरच्या आधी पंप सोडवा, कारण लोडर खाली ठेवल्यावर त्याच्या दोन हातांमधून ट्रॅक्टर मागे काढायला इंजिन चालू करावेच लागते. पण पाइप सोडण्याआधी एक काम उरकून घ्या. बूमला आधार देऊन जॅकच्या पिना काढा, आसपासची माणसे बाजूला करा आणि इंजिन मंद चालवून जॅकचे दांडे पूर्ण आत घ्या. बाहेर राहिलेल्या चकचकीत दांड्यावर पावसाळ्यात गंज चढतो आणि पुढच्या हंगामात तोच गंज सील कापतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर फारच लवकर. पुन्हा दाब उतरवा, चावी खिशात घाला आणि मगच पाइप सोडा. प्रत्येक पाइपाला रंगाची खूण करा. तोंडांना चिंधी कोंबू नका, तिचे धागे तेलात जातात. प्लास्टिकची टोपणे लावा, नाहीतर जाड पॉलिथीन घट्ट बांधा. निघालेले तेल डब्यात धरा, एक थेंबही विहिरीच्या बाजूला जाऊ देऊ नका. ते दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, पुन्हा वापरू नका.

कपलिंग अडकले असेल तर पुलर लावा. क्रँकच्या तोंडावर घण मारला की तो मार थेट आतल्या थ्रस्ट वॉशरांवर बसतो. पंप निघाला की आत थोडे स्वच्छ तेल ओता, तोंडे बंद करा आणि तो घरात ठेवा. तो कोणत्या दिशेने फिरतो त्याचा बाण खडूने नको, पंचने उमटवा. इंजिन पुढून पाहताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते, पण पुढे बसलेल्या पंपाच्या शाफ्टचे तोंड इंजिनाकडे असते. त्यामुळे शाफ्टच्या बाजूने पाहिले तर पंप उलट्या दिशेचा लागतो. नवा घेताना दुकानात हे सांगितले नाही तर सुलट्या दिशेचा पंप हातात पडतो.

आता बोल्ट. या ट्रॅक्टरला वेगळी चेसिस नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचे घर हे बिडाचे तुकडे एकमेकांना बोल्टांनी जोडलेले आहेत आणि तोच त्याचा पाठकणा. लोडरच्या पट्ट्या पुष्कळदा याच सांध्यांच्या बोल्टांखाली अडकवलेल्या असतात. सगळे एकदम काढले तर ट्रॅक्टर सांध्यात उघडतो. एक काढा, त्या जागी दुसरा बसवून घट्ट करा, मग पुढचा. रात्री बोल्टांवर डिझेल सोडून ठेवा आणि सकाळी रिंग पाना लावा. बिडात तुटलेला बोल्ट काढायला अर्धा दिवस जातो.

आणि काढलेलाच बोल्ट परत लावू नका. पट्टीच्या जाडीएवढा तो जास्त लांब असतो. पट्टी गेली की तो भोकाच्या तळाला टेकतो. पाना घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण सांधा आवळलेलाच नसतो. आमच्या घरच्या ट्रॅक्टरवर मीच असे लांब बोल्ट लावले होते. श्रावणात रोटाव्हेटर चालू असताना बेलहाउसिंगला भोकापासून बोटभर तडा गेला आणि ऐन हंगामात ट्रॅक्टर वीस दिवस उभा राहिला. पट्टीची जाडी मोजा, तेवढे आखूड बोल्ट त्याच आट्यांचे आणा. या घराण्यातल्या जुन्या ट्रॅक्टरांचे आटे इंची असतात, मिलिमीटरचा बोल्ट जोर करून आत घातला की बिडाचे आटेच जातात. दहा-बारा तास काम झाल्यावर सगळे पुन्हा एकदा आवळा.

लोडर गेला की पुढचा भाग हलका होतो. पेरणी यंत्र उचलून धुऱ्यावर वळताना चाके उचलू लागली तर पुढे वजने लावा. उलट, लोडरला तोल म्हणून मागच्या टायरांत पाणी भरले असेल तर ते आता कमी करा, नाहीतर ओल्या रानात माती दाबली जाते. पुढच्या टायरांची जादा हवा पुस्तिकेप्रमाणे उतरवा. पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर घेऊन चाके हाताने हलवून बघा. उन्हाळाभर लोडरचा भार मधल्या पिनेने, किंगपिनच्या बुशांनी आणि हबच्या बेअरिंगांनी सोसला आहे. ढिलाई सापडली तर मृगाआधी मिस्त्री मोकळा मिळेल, नंतर नाही.