सामान्यत्वाचे भय

आपण चारचौघांसारखेच आहोत, या जाणिवेने माणूस पुष्कळदा अस्वस्थ होतो. उपजीविकेची विवंचना नसली, तरी आपल्यावाचून कोणाचे काही अडत नाही हा विचार त्याला सलतो. या भयाचे मूळ कशात असते?

व्हिएन्ना येथील मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर (१८७०–१९३७) यांनी ते बालपणात शोधले. मोठ्या माणसांमध्ये मूल दुबळे व परावलंबी असते. म्हणून न्यूनतेची भावना प्रत्येकाच्याच वाट्याला येते. ॲडलर स्वतः लहानपणी मुडदुसाने आजारी होते. पुढे ते डॉक्टर झाले. त्यांच्या मते ही भावना म्हणजे दोष नव्हे. प्रगतीची प्रेरणाही तीच होय. प्रश्न असतो तो दिशेचा. इतरांच्या वर चढण्याची धडपड माणसाला एकाकी करते, तर इतरांच्या उपयोगी पडण्याची धडपड त्याला समाजाशी जोडते. या दुसऱ्या वृत्तीला ॲडलर समाजभावना म्हणतात.

या भेदाचे एक उदाहरण बंगळूरच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यावरील बोम्मसंद्रा या औद्योगिक वसाहतीत आढळते. शल्यचिकित्सक देवी शेट्टी यांनी नारायण हृदयालय हे रुग्णालय तेथे स्थापन केले. हृदयावरील शस्त्रक्रिया गरिबांच्या आवाक्याबाहेरची होती. ती येथे नित्याची करण्यात आली. त्याच शस्त्रक्रियागृहात व त्याच यंत्रांवर अधिक शस्त्रक्रिया झाल्या, की प्रत्येकीचा खर्च उतरतो आणि सरावाने हातही बसतो. यशाचे श्रेय सहसा शल्यचिकित्सकाला मिळते. परंतु भूल देणारा डॉक्टर, हृदय-फुप्फुसांचे काम तात्पुरते करणारे यंत्र सांभाळणारा तंत्रज्ञ आणि रात्रभर जागणारी परिचारिका, यांपैकी एकानेही आपले काम क्षुल्लक मानून हयगय केली, तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

कर्नाटकातील यशस्विनी योजनेतही हेच सूत्र होते. शेट्टी यांच्या कल्पनेला राज्याच्या सहकार खात्याची जोड मिळून २००३ मध्ये ती कार्यान्वित झाली. सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांनी आरंभी दरमहा माणशी अवघे ५ रुपये द्यावयाचे होते. एका वर्षात शस्त्रक्रियेची गरज थोड्यांनाच पडते. म्हणून लाखो निरोगी सभासदांच्या वर्गणीतून त्या थोड्यांचा खर्च भागविण्यास मोठा हातभार लागतो. पुढे वर्गणी वाढली, २०१८ मध्ये योजना बंद पडली व काही वर्षांनी पुन्हा सुरू झाली. परंतु तत्त्व स्पष्ट आहे. एकट्याच्या ५ रुपयांना काही मोल नव्हते. ते इतरांच्या ५ रुपयांत मिळाले तेव्हाच त्यांत प्राण वाचविण्याचे सामर्थ्य आले. वर्गणी भरून कधीच आजारी न पडलेल्या शेतकऱ्याचे नाव कोठेही झळकत नाही. तरीही कोणा अपरिचिताचे हृदय चालू राहण्यात त्याचा वाटा असतो.

तेव्हा सामान्य असणे ही भिण्याची गोष्ट नव्हे. भय बाळगावयाचेच, तर ते निरुपयोगी राहण्याचे बाळगावे. आपण इतरांहून निराळे कसे दिसू, या प्रश्नाला अंत नाही. आपल्या कामावाचून कोणाचे अडेल, या प्रश्नाचे उत्तर मात्र बहुतेकांना आपल्या आसपासच सापडते.