अर्बुदातील पेशींची वस्ती : मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा एक अभ्यास

मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर रुग्णांचे आप्त आम्हांस एक प्रश्न हमखास विचारतात. आजाराचा टप्पा तोच, शस्त्रक्रिया तीच. मग एक रुग्ण पूर्ण बरा होतो आणि दुसऱ्याचा आजार काही काळाने उलटतो, असे का? सन २०२२ मध्ये जगभरात या रोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख रुग्ण दगावले. तेव्हा हा प्रश्न असंख्य कुटुंबांचा आहे. गेल्या दोन दशकांतील संशोधनाने त्याच्या उत्तराची दिशा दाखविली आहे. आमच्या देणगीदारांना, विश्वस्तांना व रुग्णांच्या आप्तांना तिचा परिचय व्हावा, हा या लेखाचा हेतू होय.

टप्पा काय सांगतो?

लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ साली गुदाशयाच्या कर्करोगाची तीन गटांत विभागणी केली : आतड्याच्या भिंतीतच राहिलेला, भिंतीपलीकडे गेलेला आणि लसीका ग्रंथींपर्यंत पोहोचलेला. आजची टप्प्यांची पद्धतही याच विचारावर उभी आहे. रोग किती दूर गेला हे ती उत्तम सांगते. परंतु शरीर त्याचा प्रतिकार कसा करीत आहे, याविषयी ती मौन पाळते.

ही उणीव पॅरिसमधील जेरोम गालों, फ्रांक पाजेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली पुढे आणली. अर्बुदात कोणत्या प्रतिकारपेशी आहेत, त्या किती दाट आहेत आणि गाठीच्या मध्यभागी आहेत की तिच्या सीमेवर, यावरून रुग्णाच्या भवितव्याचा अंदाज बांधता येतो, असे त्यांनी दाखवून दिले. यातूनच 'इम्युनोस्कोअर' ही मोजणी निघाली. तिची पडताळणी १३ देशांतील २,६८१ रुग्णांच्या नमुन्यांवर होऊन २०१८ साली प्रसिद्ध झाली. अहमदाबादच्या गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूटचाही त्यात सहभाग होता. या अभ्यासाच्या पहिल्या गटात, पाच वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण उच्च गुणांकाच्या रुग्णांत ८ टक्के, मध्यम गुणांकाच्या रुग्णांत १९ टक्के, तर कमी गुणांकाच्या रुग्णांत ३२ टक्के आढळले.

शिरगणती आणि नकाशा

एखाद्या गावाची शिरगणती केली तर तेथे किती सुतार, किती शिक्षक, किती पहारेकरी आहेत ते कळते; पहारेकरी वेशीवर उभे आहेत की आपल्या घरी निजले आहेत, हे कळत नाही. त्यासाठी नकाशा लागतो. अर्बुदाचेही तसेच आहे. २०२१ साली अमेरिकेतील संशोधकांनी ६२ रुग्णांच्या ऊतींतील ३,७१,२२३ पेशी एकेक करून तपासल्या व त्यांचे ८८ उपप्रकार नोंदविले. ही झाली शिरगणती. अशा तपासणीसाठी ऊती विस्कटून पेशी सुट्या कराव्या लागतात, त्यामुळे त्यांचा शेजार नाहीसा होतो. म्हणून याच संशोधकांनी अखंड ऊतींचे छेदही पाहिले, आणि कोणत्या पेशी कोठे एकत्र जमतात याचा मागोवा घेतला.

नकाशा काढण्याची रीत अशी. गाठीचा केसाहूनही पातळ छेद काचपट्टीवर घेतात. वेगवेगळी प्रथिने ओळखणारी प्रतिपिंडे त्यावर सोडतात आणि चकाकणाऱ्या रंगांच्या साह्याने, दर फेरीस दोन-तीन प्रथिने याप्रमाणे, छायाचित्रे घेत जातात. ती सर्व छायाचित्रे संगणक एकमेकांवर बसवितो. स्टॅनफर्ड विद्यापीठात याच रीतीने बढावलेल्या रोगाच्या ३५ रुग्णांचे नमुने ५६ प्रथिनांसाठी तपासण्यात आले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पेशींच्या नऊ प्रकारच्या वस्त्या आढळल्या.

त्यातील एक निष्कर्ष आम्हांस विशेष बोधप्रद वाटतो. अधिक धोक्याच्या गटातील रुग्णांत एका विशिष्ट प्रकारच्या टी-पेशी अधिक असणे हे दीर्घ आयुष्याशी निगडित होते. मात्र त्या कणयुक्त श्वेतपेशींच्या वस्तीत असल्या तरच. अन्यत्र असताना त्याच पेशींचा तसा संबंध दिसला नाही. तसेच प्रतिकारपेशींच्या वस्त्या जेथे विखुरल्या होत्या व त्यांचा परस्परांशी संपर्क तुटला होता, तेथे रुग्णांची स्थिती अधिक वाईट होती. सैन्य किती आहे याइतकेच ते कोठे उभे आहे याला महत्त्व असते, हे येथे प्रत्ययास येते.

नकाशालाही मर्यादा आहेत. हार्वर्ड येथील संशोधकांनी २०२३ साली एकामागून एक छेद जोडून अर्बुदाचे त्रिमितीय चित्र सिद्ध केले. तेव्हा एका छेदात सुटी भासणारी लसीका पेशींची बेटे प्रत्यक्षात एकमेकांस जोडलेली असल्याचे दिसून आले.

रुग्णास याचा लाभ काय?

असे सविस्तर नकाशे अद्याप मुख्यत्वे संशोधनापुरते आहेत. ते प्रत्येक रुग्णाचे काढले जात नाहीत, आणि केवळ त्यांच्या आधारे उपचार ठरत नाहीत, हे आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो. तथापि याच विचाराशी नाते सांगणारी एक तपासणी आज उपलब्ध आहे. या कर्करोगाच्या सुमारे १५ टक्के अर्बुदांत डीएनएमधील चुका दुरुस्त करणारी यंत्रणा निकामी झालेली असते. अशा गाठींत बहुधा प्रतिकारपेशींची दाटी आढळते आणि प्रतिकारशक्ती जागविणारी औषधे तेथे गुणकारी ठरू शकतात. न्यूयॉर्क येथे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात गुदाशयाच्या अशाच कर्करोगाच्या १२ रुग्णांना केवळ असे औषध देण्यात आले. बाराही जणांची गाठ तपासणीत दिसेनाशी झाली. चार प्रथिनांच्या तपासणीतून या दोषाचा शोध घेता येतो. तिला 'एमएमआर' तपासणी म्हणतात.

ही तपासणी असो वा सविस्तर नकाशा, दोहोंचा आधार एकच : शस्त्रक्रियेत काढलेला, फॉर्मालिनमध्ये वेळेवर ठेवलेला आणि मेणाच्या ठोकळ्यात जतन केलेला ऊतींचा तुकडा. तो नीट राखला तर पुढे कित्येक वर्षांनीही त्याची तपासणी करता येते. यास्तव रुग्णांच्या आप्तांना आमची विनंती आहे की, त्यांनी विकृतिशास्त्राचा अहवाल जपून ठेवावा, अन्यत्र उपचार घ्यावयाचे झाल्यास ठोकळा व काचपट्ट्या सोबत न्याव्यात आणि 'एमएमआर' तपासणी झाली आहे काय, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. देणगीदारांना व विश्वस्तांना आम्ही एवढेच सुचवू इच्छितो की, प्रयोगशाळेतील या ठोकळ्यांचे कपाट कोणाच्या नजरेत भरत नाही. परंतु त्यात ठेवलेला रुग्णाच्या आजाराचा पुरावा उद्याच्या उपचाराची दिशा ठरवू शकतो.