दारातली चाचणी आणि आतला आजार

डिसेंबरची तिकिटं काढून झाली की अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत पुढचा प्रश्न येतो: तीन आठवडे कुत्र्याला कुठे ठेवायचं? ज्यांच्या भरवशावर ठेवावं ती मित्रमंडळी स्वतःच पुण्या-मुंबईला निघालेली असतात. मग बोर्डिंगचा शोध सुरू होतो. हल्ली अशा जागांच्या माहितीपत्रकात एक वाक्य हमखास असतं: येणाऱ्या प्रत्येक प्राण्याचं आरोग्य-स्क्रीनिंग केलं जातं. वाचून बरं वाटतं. पण हे स्क्रीनिंग म्हणजे नक्की काय? कुठे फक्त लसींच्या तारखा बघतात, कुठे ताप मोजतात, कुठे विष्ठेचा नमुना मागतात, तर काही ठिकाणी नाका-घशाचा स्वॅब घेऊन पीसीआरही करायला सांगतात. शब्द एकच, पण या प्रत्येकातून कळणारी गोष्ट वेगळी आहे. आणि यांतली कुठलीच चाचणी 'तुमचा कुत्रा इथे सुरक्षित आहे' असं सांगत नाही.

आधी मुळात बोर्डिंग आणि डे-केअरमध्येच एवढी काळजी का, ते बघू. घरचा कुत्रा दिवसाला दोन-चार कुत्र्यांना हुंगतो. डे-केअरमध्ये तो चाळीस कुत्र्यांबरोबर एकाच हवेत, एकाच पाण्याच्या भांड्याभोवती आठ तास असतो. समजा, गावातल्या दर २०० कुत्र्यांपैकी फक्त एक आज संसर्ग पसरवू शकतो. आकडा छोटा वाटतो. एक कुत्रा निर्धोक असण्याची शक्यता ०.९९५. चाळीसच्या चाळीस निर्धोक असण्याची शक्यता म्हणजे ०.९९५ चा ४० वा घात, साधारण ०.८२. म्हणजे त्या खोलीत निदान एक संसर्गजन्य कुत्रा असण्याची शक्यता झाली १८ टक्के. तुमचा कुत्रा कितीही तंदुरुस्त असो, प्रश्न उरलेल्या ३९ जणांचा असतो.

हे कागदावरचं गणित प्रत्यक्षात कसं दिसतं ते २०१५ च्या वसंतात शिकागोने पाहिलं. शहरात हजाराहून जास्त कुत्रे खोकायला लागले, अनेक बोर्डिंग आणि डे-केअर तात्पुरती बंद करावी लागली. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, हा जुना एच३एन८ इन्फ्लुएन्झा असेल. तो मूळचा घोड्यांचा विषाणू. २००४ मध्ये फ्लोरिडातल्या एका शर्यतीच्या ट्रॅकवर २२ ग्रेहाउंड त्याने आजारी पडले होते आणि त्यांतले ८ दगावले होते. पण कॉर्नेल आणि विस्कॉन्सिन विद्यापीठांच्या प्रयोगशाळांनी नमुने नीट तपासले तेव्हा निघाला एच३एन२, जो तोवर आशियातल्या कुत्र्यांत फिरत होता आणि अमेरिकेत कधी दिसला नव्हता. त्यामुळे जवळजवळ कुठल्याच कुत्र्याला त्याची प्रतिकारशक्ती नव्हती.

७२ तासांचा रिपोर्ट आठवतोय का?

या फ्लूची एक खोड स्क्रीनिंगच्या मुळावर येते. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण दोन ते चार दिवस जातात, आणि विषाणू सर्वात जास्त प्रमाणात बाहेर पडतो तो बरोबर याच काळात. म्हणजे कुत्रा शेपटी हलवत, उड्या मारत दारातून आत येतो तेव्हाच तो सर्वात धोकादायक असू शकतो. वर, संसर्ग झालेल्यांपैकी अंदाजे पाचातला एक कधीच आजारी दिसत नाही, तरी विषाणू सोडतो. त्यामुळे दारात ताप मोजला आणि खोकत नाही ना एवढं पाहिलं, तर सुटून जाणारे नेमके हेच कुत्रे.

तापाबद्दल एक कंस. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्यापेक्षा जास्त. ते खात्रीने मोजायची जागा गुदद्वार. दूरून कपाळावर रोखायचं ते पिस्तुलासारखं यंत्र कातडीचं तापमान बघतं, आणि कुत्र्याच्या कातडीवर केसांची गोधडी असते. माझ्या मते तो निव्वळ देखावा आहे. त्याचे वेगळे पैसे लावत असतील तर देऊ नका.

मग पीसीआर? कोविडच्या काळात भारतात उतरण्यासाठी ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर लागायचा, तो आठवा. मंगळवारी स्वॅब दिला, बुधवारी ऑफिसात कोणाकडून तरी संसर्ग झाला, शुक्रवारी 'निगेटिव्ह' कागद घेऊन विमानात बसलो. कागद खोटा नव्हता. तो मंगळवारबद्दल बोलत होता. संसर्ग होऊन एकच दिवस झालेला असेल तर नाकात विषाणू अजून इतका कमी असतो की पीसीआरलाही सापडत नाही. चाचणी म्हणजे एका क्षणाचा फोटो. तीन आठवड्यांच्या मुक्कामात दर दोन-तीन दिवसांनी नवे कुत्रे आत येतात, आणि प्रत्येक नव्या कुत्र्याबरोबर तो फोटो जुना होतो.

मांजरांची गोष्ट तर आणखी मजेशीर आहे. मांजरांचा हर्पीस विषाणू एकदा शरीरात शिरला की मज्जापेशींत दडून आयुष्यभर राहतो, आपल्या कांजिण्यांच्या विषाणूसारखा. मांजर ठणठणीत, स्वॅब निगेटिव्ह, सगळं खरं. मग तिला अनोळखी पिंजऱ्यात, कुत्र्यांच्या आवाजात आणून ठेवलं की ताणाने तोच विषाणू जागा होतो आणि साधारण आठवड्याभराने नाका-डोळ्यांवाटे बाहेर पडायला लागतो. इथे बोर्डिंगमध्ये राहणं हेच आजाराला निमित्त झालं! अशा मांजरासाठी चाचणीपेक्षा लपायला एक खोका, घरच्या वासाची चादर आणि कुत्र्यांपासून लांबची खोली या गोष्टी जास्त उपयोगी.

पॉझिटिव्ह आला म्हणजे?

निगेटिव्हची मर्यादा लोकांना पटकन कळते, पॉझिटिव्हची कळत नाही. ज्याच्या कुत्र्याला विमान पकडायच्या आदल्या दिवशी 'घेणार नाही' असं सांगितलं जातं, त्याला तर हे कळणं फार गरजेचं आहे.

एक काल्पनिक चाचणी घेऊ. ती १०० बाधितांपैकी ९० जणांना पकडते आणि १०० निरोगी कुत्र्यांपैकी ९५ जणांना बरोबर सोडते. ऐकायला छान आहे. आता २,००० धडधाकट कुत्र्यांना ती करा. दर २०० मध्ये एक या हिशोबाने बाधित १०, त्यांतले ९ सापडले. निरोगी १,९९०, त्यांतल्या पाच टक्क्यांना, म्हणजे जवळपास १०० जणांना चुकून पॉझिटिव्ह शिक्का. एकूण १०९ पॉझिटिव्ह, खरे फक्त ९. बारातला एक! हीच चाचणी तुम्ही खोकणाऱ्या १०० कुत्र्यांवर करा, ज्यांत समजा ३० बाधित आहेत. २७ खरे पॉझिटिव्ह, तीन-चार खोटे. आता पॉझिटिव्हवर दहातले नऊ वेळा विश्वास ठेवता येतो. यंत्र तेच, रसायन तेच, फक्त विचारायची जागा बदलली. पीसीआर लावणाऱ्या आम्हा लोकांना हे पहिल्या वर्षी शिकवतात आणि नंतर आम्हीच ते सर्वांना सांगत फिरतो.

खऱ्या पीसीआरची विशिष्टता या उदाहरणापेक्षा बरीच चांगली असते, पण तिला दुसरी एक अडचण आहे. केनेल कफसाठी नाकात थेंब टाकून देतात ती लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूंची असते. ते जंतू काही आठवडे नाकात सापडू शकतात, आणि पीसीआर त्यांचंही जनुक पकडतो. बोर्डिंगवाले म्हणतात लस घेऊन या. तुम्ही लस देता. मग त्यांच्याच स्वॅबमध्ये 'बोर्डेटेला पॉझिटिव्ह' येतं. असा रिपोर्ट हातात पडला तर घाबरून अँटिबायोटिक सुरू करण्याआधी व्हेटला लसीची तारीख सांगा. जिआर्डियाचंही असंच. त्याचे कोश विष्ठेतून रोज पडत नाहीत, मधूनमधून पडतात, त्यामुळे एका नमुन्यात तो हुकतो. उलट प्रथिन शोधणारी चाचणी उपचार संपल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते.

म्हणून सर्वांची सरसकट चाचणी करण्याच्या मी फारशी बाजूने नाही. अपवाद एका युक्तीचा. १९४३ मध्ये रॉबर्ट डॉर्फमन या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकी सैन्यात भरती होणाऱ्यांची सिफिलिससाठी तपासणी स्वस्तात कशी करावी हे मांडलं: अनेकांचे नमुने एकत्र मिसळा, मिश्रण निगेटिव्ह आलं की सगळे सुटले, पॉझिटिव्ह आलं तरच एकेक तपासा. आपल्या चाळीस कुत्र्यांचे दहा-दहाचे चार गट केले, तर सरासरी फक्त सहा चाचण्यांत काम भागतं. दहापट पातळ केल्याने पीसीआरला तीन-साडेतीन आवर्तनं जास्त लागतात, म्हणजे अगदी कमी विषाणू असलेला एखादा सुटू शकतो. पण चाळीसऐवजी सहाच चाचण्या लागत असतील तर त्या दर आठवड्याला परवडतील, आणि वारंवार केलेली जरा भोंगळ चाचणी एकदाच केलेल्या काटेकोर चाचणीपेक्षा संस्थेच्या जास्त कामाची.

लेप्टो: इथे चाचणी नको, लस हवी

२०२१ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात कुत्र्यांमध्ये लेप्टोस्पायरोसिसचे सुमारे २०० रुग्ण सापडले आणि त्यांतले बरेचसे बोर्डिंग किंवा डे-केअरमध्ये जाऊन आलेले होते. महाराष्ट्रातून आलेल्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोचे रुग्ण वाढले होते, आणि आजही साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांना पालिका डॉक्सीसायक्लिन घ्यायला सांगते. जंतू तोच. उंदीर किंवा कुत्र्याच्या लघवीतून पाण्यात, तिथून जखमेवाटे किंवा डोळ्या-तोंडावाटे शरीरात. तो कुत्र्याकडून माणसाला होऊ शकतो. घरात भारतातून आलेले सत्तरीतले आईबाबा असतील आणि कुत्र्याची घाण उचलायचं काम प्रेमाने त्यांनी अंगावर घेतलं असेल, तर हा मुद्दा फक्त कुत्र्याचा राहत नाही.

धडधाकट कुत्र्यांची लेप्टोसाठी तपासणी करून फारसं हाती लागत नाही. रक्तातली प्रतिपिंडं जुन्या लसीनेही दिसतात आणि लघवीतून जंतू सतत पडत नाहीत. लस मात्र चांगली आहे. पहिल्यांदा देताना दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, मग वर्षातून एकदा. कुत्र्यांच्या फ्लूच्या लसीचंही वेळापत्रक असंच. दुसऱ्या डोसनंतर शरीराला एक-दोन आठवडे द्यायचे, म्हणजे २० डिसेंबरच्या विमानासाठी पहिला डोस ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. थँक्सगिव्हिंगनंतर आठवण झाली तर उशीर झालेला असतो.

तुमच्याकडचं यंत्र

लवकर निदानासाठी हल्ली गळ्यात घालायचे सेन्सर, चालण्यावर नजर ठेवणारे कॅमेरे असं बरंच काही येतंय. त्यांची कल्पना बरोबर आहे: कुत्र्याची तुलना इतरांशी न करता त्याच्या स्वतःच्या कालच्या दिवसाशी करायची. पण त्या कुत्र्याचा कालचा दिवस बोर्डिंगला माहीत नसतो, तुम्हाला माहीत असतो. तो एरवी किती मिनिटांत ताट संपवतो, दिवसातून किती वेळा पाणी पितो, पाहुणा आला की उठतो की पडून राहतो, हे लिहून द्या.

त्यात एक आकडा जरूर घाला. कुत्रा गाढ झोपलेला असताना छाती किती वेळा वर-खाली होते ते तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा. एक वर-खाली म्हणजे एक श्वास. निरोगी कुत्र्यात हा आकडा सहसा मिनिटाला तिशीच्या आत असतो. पाच-सहा रात्री मोजून त्याची सरासरी काढा. तुमच्या कुत्र्याचा आकडा १६ असेल आणि बोर्डिंगमध्ये सलग दोन रात्री २८ भरला, तर तो 'नॉर्मल'मध्ये असूनही काहीतरी बिनसलंय. फुप्फुसांचा त्रास खोकल्याआधी कधीकधी इथेच दिसतो, आणि हृदयविकार असलेल्या कुत्र्यांमध्ये तर व्हेट हेच मोजायला सांगतात.

जागा पाहायला जाल तेव्हा चाचण्यांच्या यादीपेक्षा हे विचारा: एखादा कुत्रा आज दुपारी खोकायला लागला तर संध्याकाळपर्यंत तुम्ही काय करता? वेगळी खोली आहे का, तिची हवा बाकीच्या खोल्यांत जाते का, त्याच्याबरोबर खेळलेल्यांच्या मालकांना कळवता का? कुत्रे रोज सगळे एकत्र सोडता की ठरलेल्या छोट्या गटांत? चाळीसचा एक गट आणि आठ-आठचे पाच गट यांत एका खोकणाऱ्या कुत्र्याने ३९ जण अडचणीत येतात की ७, एवढा फरक आहे. खाणं, शी, खोकला यांची रोजची नोंद कोण करतं, आणि ती वही दाखवाल का? वही दाखवणाऱ्या साध्या जागेला मी चकचकीत लॉबीपेक्षा जास्त मार्क देईन.

परत आल्यावर दोन आठवडे लक्ष ठेवा. केनेल कफचं लक्षण दिसायला दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत कितीही वेळ लागू शकतो, आणि एच३एन२ झालेला कुत्रा तीन-चार आठवडे विषाणू सोडत राहू शकतो. तेवढा काळ त्याला पार्कात किंवा दुसऱ्या डे-केअरमध्ये नेऊ नका. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी तो खोकायला लागला तर व्हेटच्या पाठोपाठ बोर्डिंगलाही फोन करा. आजार तुमच्या घरात उघड झाला म्हणजे तो त्यांच्या वहीत नाही, आणि तुमच्या कुत्र्याशेजारच्या पिंजऱ्यातला अजून तिथेच असेल.