माद्रिदमध्ये इंग्रजीच्या भरवशावर काम शोधताना

पुण्या-मुंबईहून स्पेनला शिकायला येणाऱ्या मुलामुलींचे फोन मला वरचेवर येतात. प्रश्न बहुधा एकच असतो. 'ताई, स्पॅनिश जेमतेम येतं, पण इंग्रजी चांगलं आहे. माद्रिदमध्ये काम मिळेल ना?' फोनवर याचं धड उत्तर देता येत नाही, कारण त्यात भाषेइतकाच कायदा गुंतलेला आहे. मी इथे आंतरराष्ट्रीय व्यापाराचं मास्टर्स करायला आले, शिकताना मिळतील ती कामं केली आणि आता एका आयातदार कंपनीत मालाची कागदपत्रं सांभाळते. या वाटेवर जे कळलं ते लिहिते आहे. नियम २०२५ पर्यंतचे आहेत. निघण्यापूर्वी ते पुन्हा तपासून घ्यावेत.

१. मालक आधी परवाना विचारतो

मुलाखतीला गेलात की इंग्रजीच्या आधी 'काम करायची परवानगी आहे का?' हे विचारलं जातं. युरोपियन युनियनच्या नागरिकाला स्पेनमध्ये वेगळा परवाना लागत नाही. डब्लिनहून आलेली मुलगी परदेशी व्यक्तीचा ओळख क्रमांक मिळाला की लगेच कामाला लागू शकते. भारतीय माणसाला साध्या नोकरीवर ठेवायचं तर अर्ज मालकाने करायचा असतो, आणि या जागेसाठी इथे कुणी मिळत नाही हे त्याला रोजगार कार्यालयामार्फत दाखवून द्यावं लागतं. (चिली आणि पेरूच्या लोकांना ही अट लागू नाही, त्यांच्या देशांचे स्पेनशी तसे करार आहेत.) एखाद्या हॉस्टेलचा मालक रिसेप्शनवरच्या एका माणसासाठी एवढा खटाटोप करत नाही. यात त्याचा दुष्टपणा नसतो. त्याला माणूस पुढच्या आठवड्यात हवा असतो.

गोव्याच्या वाचकांची गोष्ट थोडी निराळी आहे. डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं. माझ्या वर्गात मडगावची एक मुलगी होती. शिक्षण तेच, इंग्रजी माझ्याइतकंच, पण पासपोर्ट पोर्तुगालचा असल्यामुळे तिला हॉटेलवाल्यांनी आनंदाने घेतलं. त्याची किंमतही मोठी आहे. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे तो पासपोर्ट घेतला की भारताचा सोडावा लागतो. हा निर्णय नोकरीच्या घाईत घेऊ नये, घरच्यांशी बसून घ्यावा.

२. विद्यार्थी असतानाचे तास वाया घालवू नका

उच्च शिक्षणासाठी आलेल्या विद्यार्थ्याला आठवड्याला ३० तासांपर्यंत काम करता येतं. २०२२ च्या बदलापूर्वी ही मर्यादा २० तासांची होती. हे तास फक्त भाड्यासाठी खर्च करू नका, असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगते. व्हिसासाठी दरमहा ६०० युरोंची सोय दाखवावी लागते, पण माद्रिदमध्ये त्यातला मोठा भाग नुसत्या खोलीवर जातो. म्हणून मुलं मिळेल ते पहिलं काम धरतात आणि वर्ष संपतं. जमत असेल तर थोड्या कमी पैशांत का होईना, स्वतःच्या क्षेत्रातली इंटर्नशिप घ्या. तिथे तुमचं काम पाहिलेला माणूस पुढे तुमच्यासाठी कागद भरायला तयार होतो. अनोळखी अर्जदारासाठी तसं करणारा क्वचितच भेटतो.

पदवी हाती आल्यावर नोकरी शोधण्यासाठी देशात राहण्याचा परवाना मागता येतो. ही सोय २०१८ पासून आहे. मात्र तो राहण्याचा परवाना आहे, त्यावर काम सुरू करता येत नाही. नोकरी मिळाली की दुसरा अर्ज करावा लागतो. उच्चशिक्षितांसाठी २०१३ च्या कायद्याने एक जलद मार्ग ठेवलेला आहे. त्यात 'इथे कुणी मिळत नाही' हे सिद्ध करावं लागत नाही, अर्ज कंपनी करते आणि २० कामकाजी दिवसांत उत्तर आलं नाही तर तो मंजूर समजला जातो. कित्येक लहान कंपन्यांना हा मार्ग ठाऊकच नसतो. मी मुलाखतीला जाताना त्याची एका पानाची माहिती स्पॅनिशमध्ये छापून नेत असे, आणि शेवटी शांतपणे टेबलावर ठेवत असे. आताच्या नोकरीत त्या पानाचा उपयोग झाला.

३. शिकवण्याच्या जाहिराती नीट वाचा

इंग्रजी शिकवण्याचं काम माद्रिदमध्ये भरपूर आहे. बऱ्याच विद्यापीठांत पदवी पुरी करायला बी-वन पातळीचं इंग्रजी दाखवावं लागतं. नोकरीसाठी बी-टू मागतात, आणि द्विभाषिक शाळांतल्या शिक्षकांना सी-वन हवं असतं. त्यामुळे केंब्रिजच्या परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या अकादमी गल्लोगल्ली आहेत. पण जाहिरातीत 'नेटिव्ह' शिक्षक हवा असं लिहिलेलं असतं, आणि त्यांच्या मनात लंडन किंवा बोस्टन असतं. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या, आयुष्यभर इंग्रजीत परीक्षा दिलेल्या भारतीय मुलीला 'उच्चार वेगळा आहे' म्हणून परत पाठवतात, तेव्हा वाईट वाटतं. मला अजूनही वाटतं. ही पद्धत अन्यायाची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही या क्षेत्रात आपल्याला एक मजबूत जागा आहे, आणि ती फार कमी भारतीयांना दिसते. माद्रिद प्रांतात २००४-०५ पासून सरकारी द्विभाषिक शाळा सुरू झाल्या. तिथे मुलं विज्ञान इंग्रजीतून शिकतात. आईवडिलांना मात्र ते इंग्रजी येत नाही. प्रकाशसंश्लेषण किंवा पचनसंस्था इंग्रजीत समजावून घरी अभ्यास घेणारं त्यांना कुणीतरी हवं असतं. आपल्याकडचा बीएस्सी झालेला कुणीही हे उत्तम करू शकतो, आणि इथे उच्चाराची चौकशी होत नाही, मुलाचे गुण पाहिले जातात. चांबेरीतल्या एका घरी मी दोन भावंडांना असं शिकवत होते. मग त्याच इमारतीतल्या वरच्या मजल्यावरून विचारणा आली, मग मुलांच्या मावशीकडून. तासाला १५ ते २० युरो मिळत.

शाळांचं आणि अकादमींचं वर्ष सप्टेंबर ते जून असं चालतं. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पन्न शून्य. त्याची तजवीज मार्चपासूनच करावी लागते.

४. फक्त इंग्रजीवरची नोकरी

अशा नोकऱ्या आहेत. ग्राहकसेवा केंद्रं, आयटी, पर्यटकांची हॉस्टेलं. बार्सिलोनात आणि मालागात त्या जास्त सापडतात. ग्राहकसेवेत पगार किमान वेतनाच्या आसपास रेंगाळतो. २०२५ साली ते १,१८४ युरो होतं, वर्षाला १४ हप्ते. चौदा का, तर जून आणि डिसेंबरमध्ये इथे एकेक जादा पगार देण्याची रीत आहे. कुणी महिन्याचा आकडा सांगितला तर तो बाराचा की चौदाचा, आणि कर व सामाजिक सुरक्षेचा हप्ता कापण्यापूर्वीचा की नंतरचा, हे विचारून घ्या.

५. आडनावाचा रकाना

स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं आणि एक आईकडचं. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. कारकून ते पहिलं आडनाव समजून लिहितो आणि आपलं खरं आडनाव दुसऱ्या रकान्यात जातं. बँकेत एक नाव, करारावर दुसरं, सामाजिक सुरक्षेच्या नोंदीत तिसरंच, असं झालं की दुरुस्तीत महिने जातात. पहिल्या कागदावर पासपोर्टप्रमाणे नाव लिहून घ्या आणि दुसरा रकाना मोकळा ठेवायला सांगा. परदेशी व्यक्तीच्या ओळख क्रमांकासाठी आणि कार्डासाठी आधी ऑनलाइन वेळ घ्यावी लागते. माद्रिदच्या आलुचे भागातल्या कार्यालयाची वेळ मिळणं कठीण असतं, म्हणून उतरल्या दिवसापासून संकेतस्थळ उघडून बसा. राहत्या पत्त्याची नगरपालिकेतली नोंदही त्याच आठवड्यात करावी. खोली घेतानाच घरमालक त्या नोंदीला तयार आहे का ते विचारा.

६. इंग्रजीला जोड द्या

इंग्रजी हे तोंडी लावणं आहे, ताटात आणखी काही वाढलेलं असावं लागतं. माझ्या नोकरीत ते स्पष्ट दिसतं. आमचा माल न्हावा-शेवाहून वालेन्सिया बंदरात येतो. तिकडच्या फॉरवर्डरशी मी इंग्रजीत लिहिते, फोनवर मराठीत बोलते. वालेन्सियाच्या कस्टम एजंटशी स्पॅनिशमध्ये बोलते. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. तेव्हा कंटेनर कुठे आहे, का अडला आहे, हे दोन्ही टोकांना समजावून सांगणारी ऑफिसात मी एकटीच होते. तोवर साहेब मला 'इंग्रजीचं काम बघणारी' म्हणत. त्यानंतर ग्राहकांच्या बैठकींना बोलवू लागले.

स्पॅनिश शिकायला पैसे फारसे लागत नाहीत. सरकारी भाषाशाळांची फी माफक आहे आणि प्रौढ शिक्षण केंद्रांत परदेशी लोकांसाठी मोफत वर्ग असतात. देले ही परीक्षा देऊन इन्स्तितुतो सेर्वान्तेसकडून मिळणारं प्रमाणपत्र सगळीकडे चालतं. पण खरी भाषा मला जेवणाच्या टेबलावर आली. इथे दुपारी दोननंतर सगळे एकत्र जेवतात, आणि पुढच्या महिन्यात कोण सोडून जातंय, कुठे जागा रिकामी होतेय, हे तिथेच कळतं. माझ्या शेजारी कोलंबियाची एक सहकारी बसते. ती माझं वाक्य पुरं होईपर्यंत थांबत असे आणि मग हळूच दुरुस्त करत असे. तिचे उपकार मी विसरणार नाही. तिच्या देशाच्या लोकांना कायदेशीर वास्तव्याच्या दोन वर्षांनी स्पॅनिश नागरिकत्व मागता येतं, आपल्याला दहा वर्षं लागतात. ही तफावत मनात ठेवूनच इथला हिशेब मांडावा लागतो.

७. लावापिएसमधलं काम

लावापिएस भागात भारतीय आणि बांगलादेशी उपाहारगृहांची रांगच आहे. नव्याने आलेल्याला तिथे हिंदी बोलून लगेच काम मिळतं, गरम जेवण मिळतं, आणि आजारी पडलात तर औषध आणून देणारं माणूस मिळतं. या आपुलकीला मी कधीही नाव ठेवणार नाही. पण तिथल्या काही ठिकाणी चार तासांच्या करारावर दहा तास राबवून घेतात, आणि काही ठिकाणी करारच नसतो. एका ओळखीच्या मुलाने असं सगळं वर्ष काढलं. परवान्याचं नूतनीकरण आलं तेव्हा त्याच्या नावावर कामाचा एक दिवसही नव्हता.

सामाजिक सुरक्षा विभाग प्रत्येकाच्या कामाचा अधिकृत इतिहास ठेवतो. त्याला 'विदा लाबोराल' म्हणतात आणि तो विनामूल्य ऑनलाइन पाहता येतो. कुठल्या मालकाने कोणत्या तारखेपासून, किती तासांसाठी तुमची नोंद केली ते त्यात दिसतं. नोकरी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात तो उतरवून घ्या. तारीख किंवा तास जुळत नसतील तर त्याच दिवशी मालकाला विचारा, आणि उत्तर टाळाटाळीचं वाटलं तर कामगार संघटनेच्या कार्यालयात जा. 'कोमिसिओनेस ओब्रेरास' आणि 'उखेते' या दोन मोठ्या संघटना परदेशी कामगारांनाही सल्ला देतात. जाताना कामावरचे संदेश आणि हजेरीचे फोटो सोबत न्या.