वाळा : जलकाठचे सुगंधी तृण

ग्रीष्म ऋतूत माठातील पाण्यात सोडलेली वाळ्याची जुडी आणि दारांवर पाणी शिंपडून ठेवलेले वाळ्याचे पडदे भाविकांच्या परिचयाचे आहेत. हा सुगंध ज्या मुळांचा, ते तृण मात्र अनेकांनी पाहिलेले नसते.

परिचय : वाळा हे मूळचे भारतीय बहुवर्षायू गवत असून नदीकाठी व दलदलीच्या जागी ते आढळते. संस्कृतात यास ‘उशीर’ म्हणतात. ज्वरात तहान शमविणाऱ्या आयुर्वेदोक्त षडंगपानीयात नागरमोथा व चंदनाबरोबर उशीरही सांगितले आहे. महाकवी कालिदासाच्या ‘शाकुंतल’ नाटकातही दाहशामक उशीरलेपाचा उल्लेख येतो. हिंदीत हेच ‘खस’ होय.

मुळांचे सामर्थ्य : वाळ्याची मुळे आडवी न पसरता सरळ खोल जातात, अनुकूल जमिनीत ती ३ ते ४ मीटरपर्यंत पोहोचतात. त्यामुळे शेजारच्या झाडांना त्रास होत नाही व माती घट्ट धरली जाते. दाट बुंध्यांची ओळ वाहत्या पाण्याचा वेग मंदावते आणि गाळ अडविते. कर्नाटकातील शेतकरी पूर्वीपासून बांधावर वाळा लावीत आले आहेत. इ. स. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी मृदसंधारणासाठी त्याचा प्रसार केला.

उद्यानातील लागवड : पावसाळ्याच्या आरंभी जुन्या ठोंबाचे फुटवे वेगळे करून उतारास आडव्या ओळीत १० ते १५ सेंटीमीटर अंतरावर लावावेत. तळ्याचा काठ, उताराची कड व सांडपाण्याचा चर या जागा योग्य होत. ऊन भरपूर हवे. दाट सावलीत वाळा वाढत नाही. मुळे धरेपर्यंत पाणी द्यावे. पुढे पाने अधूनमधून छाटल्यास फुटवे वाढतात. दक्षिण भारतीय प्रकारास रुजणारे बी सहसा येत नसल्याने तो उद्यानात इतस्ततः पसरत नाही.

विवेक आवश्यक : वाळ्याचा सुगंध मुळांत आहे आणि मातीचे रक्षणही मुळेच करतात. मुळांसाठी ठोंब उपटला की तेथील माती उघडी पडते व पहिल्याच पुरात वाहून जाते. म्हणून काठावरचा वाळा कधीही खणू नये. पूजेसाठी व पाण्यासाठी लागणारा वाळा सपाट वाफ्यात किंवा पोत्यांत निराळा लावावा. अशी मुळे साधारण दीड वर्षात काढता येतात.

तीर्थाचे पावित्र्य जसे त्याच्या जलात, तसेच ते जल धरून ठेवणाऱ्या काठातही आहे. वृक्षारोपणासाठी दान देऊ इच्छिणाऱ्या भाविकांनी या नम्र तृणाचेही स्मरण ठेवावे.